आशा वाटत नसताना आशेचे गाणे कसे लिहावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचे दीर्घ आजारपण झाले, मग वर्षापूर्वी ती गेली. तेव्हापासून प्रार्थना ओठांवर येत नाही. एखादे भक्तिगीत लिहावे असे आतून वाटते, पण मनात आशा नसताना आशेचे शब्द लिहिणे खोटे वाटते. त्यातच बहिणीला बाळ झाले आहे आणि त्याच्यासाठी आशीर्वादाच्या चार ओळी लिहायचे काम तुमच्याकडे आले आहे. छंद ठाऊक नाही, चाल बांधता येत नाही, आणि आशीर्वाद देण्याचा आपल्याला अधिकार तरी आहे का, ही शंका आहेच.

भजनाच्या गटांबरोबर आणि दुःखातून जाणाऱ्या माणसांबरोबर गाणी रचण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून सांगते: आशा लिहायला जाऊच नका. जे आहे तेच लिहा, फक्त ते कुणाला तरी उद्देशून लिहा. आशेचा पहिला अंश त्या उद्देशून लिहिण्यातच असतो.

आधी खोटेपणाच्या शंकेकडे वळू, कारण ती सुटल्याशिवाय लेखणी हलणार नाही. मन भरून आल्यावरच भक्तिगीत लिहावे, अशी अट कुठल्याच परंपरेने घातलेली नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यातले बरेच विलाप शेवटाकडे विश्वासाच्या दिशेने वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधाराच्या उल्लेखावरच थांबते. तरीही ते संग्रहातून कुणी काढून टाकले नाही, माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते म्हणत आली. मराठीत चौदाव्या शतकात चोखामेळ्यांनी देवळाबाहेर उभे राहून देवालाच जाब विचारला, आणि ते अभंग आजही भजनात म्हटले जातात. ही माणसे कमी श्रद्धेची होती असे कोण म्हणेल?

त्यांच्या रचना बारकाईने पाहिल्या की एक गोष्ट ठळक दिसते. तक्रार देवाविषयी चाललेली नसते, ती देवापाशीच केलेली असते. ‘तो दयाळू नाही’ हे मत झाले. ‘तू तेव्हा कुठे होतास?’ ही हाक झाली. मत मांडून झाले की माणूस एकटाच उरतो. हाक मारणाऱ्याने मात्र पलीकडे कुणीतरी ऐकणारे आहे एवढे धरलेले असते, त्याला ते पटलेले असो वा नसो. म्हणून मी गटात पहिले काम देते ते असे: वही उघडा, यमक, छंद, सगळे बाजूला ठेवा आणि ‘तू’ या शब्दाने सुरुवात करून देवाला साधे पत्र लिहा. देव हा शब्द जड जात असेल तर ज्याच्यावर विश्वास ठेवता आला असता असे वाटते, त्याला लिहा. पत्र रागाचे असेल तर रागाचे लिहा. पानभर झाले की थांबा आणि निदान एक रात्र त्याकडे पाहू नका.

दुसऱ्या दिवशी ते पत्र वाचताना एकच गोष्ट शोधायची: डोळ्यांनी दिसेल असे त्यात काय आहे? नवख्या भक्तिगीतांत जीवनाची नौका असते, अंधार आणि प्रकाश असतो, दयासागर असतो. हे शब्द वाईट नाहीत, पण ते कुणाचेही असू शकतात. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी पत्नीच्या निधनानंतर देवाच्या स्तुतीची कडव्यांमागून कडवी लिहून आणली होती. वाचताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मग मी त्यांना विचारले, घरात अजून कोणती वस्तू हलवलेली नाही? ‘तिचा चष्मा,’ ते म्हणाले, ‘पोथीवर आहे, तसाच.’ त्यांचे गाणे त्या चष्म्यापासून पुन्हा सुरू झाले, आणि आधीची बहुतेक कडवी त्यांनी स्वतःच खोडली. तुमच्या पत्रातही अशी एखादी वस्तू, एखादी वेळ, एखादा आवाज सापडेल. सापडला नाही, तर पत्र अजून पुरे झालेले नाही असे समजा.

आता छंद. मराठीत लिहिणाऱ्याला अभंगाइतका जवळचा साचा दुसरा नाही. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे जुळते. लघू-गुरू मोजावे लागत नाहीत, जोडाक्षर एकच धरायचे, बस. चौथा चरण अपुरा राहतो आणि त्या तोकडेपणातच या छंदाचे बळ आहे. तीन पावले सारखी पडतात आणि चौथे मध्येच थांबते. दुःखातला माणूस बोलतो ते असेच.

तुम्ही मला पाठवलेल्या पत्रातल्या दोन-तीन तपशिलांवरून या उत्तरापुरता एक नमुना रचते:

औषधाची वेळ / अजून जागते /
मला उठवते / मध्यरात्री ॥

दयाळू म्हणती / कुठे रे तू तेव्हा /
थकली ती जेव्हा / श्वासासाठी ॥

तिच्या हातामध्ये / हात माझा होता /
तुझाच का होता / सांग देवा ॥

हा अभंग थोर वगैरे नाही. पण त्यात काय चालले आहे ते पाहा. पहिल्या कडव्यात देव नाही, आशा नाही. आहे ती फक्त एक सवय: औषध द्यायला कुणी उरलेले नाही, तरी त्या वेळेला जाग येते. दुसऱ्या कडव्यात ‘तू’ येतो आणि तक्रार थेट होते. ‘दयाळू म्हणती’ यातला ‘म्हणती’ महत्त्वाचा आहे. दयाळूपण ही लोकांची ग्वाही झाली, लिहिणाऱ्याने अजून त्यावर सही केलेली नाही. तिसऱ्या कडव्यात मला एक मोह झाला होता. ‘तुझाच तो होता’ असे लिहून टाकावे असे वाटले. अक्षरे बसत होती, यमकही जमत होते. पण ते तुम्हांला आज खरे वाटले नसते, आणि गाताना नेमका तिथेच आवाज अडला असता. ‘का’ घातला आणि विधानाचा प्रश्न झाला. जो विश्वास आत्ता तुमच्यापाशी नाही तो त्या प्रश्नाने उसना आणला नाही, पण दार लावूनही घेतले नाही. तुमच्या गाण्यात जिथे जिथे आशेचे ठाम विधान येईल तिथे ते प्रश्न करून पाहा. पुढे कधीतरी तो ‘का’ गळून पडेल, किंवा पडणारही नाही. दोन्ही चालेल.

हे पुढे कधीतरी केव्हा येईल, ते कुणालाच सांगता येत नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ या प्रसिद्ध इंग्रजी ख्रिस्ती स्तोत्राची कथा लोक अशी सांगतात: जॉन न्यूटन यांचे जहाज वादळात सापडले, ते वाचले, त्यांना कृपेचा साक्षात्कार झाला आणि त्यांनी गाणे लिहिले. प्रत्यक्षात वादळ १७४८ सालचे आणि गाणे १७७२ च्या अखेरचे. मधली काही वर्षे न्यूटन गुलामांच्या व्यापारातच होते. त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये. म्हणजे कृपा झाली असे मानले तरी तिला त्या माणसात मुरायला चाळीस वर्षे लागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण वर्षभरात आपल्याला काहीच उमगले नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत आहात.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. न्यूटन यांचे ते स्तोत्र १७७९ मध्ये ज्या संग्रहात छापले गेले, त्यात त्यांचे कविमित्र विल्यम कूपर यांचीही स्तोत्रे होती. आजही लोकांना धीर देणारी ती स्तोत्रे लिहिणारे कूपर स्वतः मात्र वारंवार खोल नैराश्यात जात राहिले, अगदी अखेरपर्यंत. गाण्याने त्यांचा आजार बरा झाला नाही. म्हणून झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तसे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. गाणे त्या उपचाराच्या जोडीने चालू दे, त्याच्या जागी नको.

चालीची काळजी तुम्ही उगीच करता आहात. छंद पक्का असेल तर चाल बाहेरूनही येते. न्यूटन यांचे शब्द छापले गेले तेव्हा सोबत चाल नव्हती. आज जगभर जी चाल ऐकू येते ती त्या शब्दांना १८३५ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्रहात जोडली गेली, न्यूटन जाऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाल्यावर. ते जमले, कारण शब्द ठरावीक मापात होते आणि त्या मापाची कोणतीही चाल त्यांना बसू शकत होती. अभंगाचेही तेच आहे. सहा-सहा-सहा-चारच्या मापातली जी चाल तुम्हांला लहानपणापासून ओठांवर आहे ती घ्या आणि तिच्यावर आपले शब्द गाऊन पाहा. यात चोरी किंवा कमीपणा काही नाही. १९३२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतले संगीतकार थॉमस डॉर्सी कार्यक्रमासाठी दुसऱ्या गावी असताना त्यांची पत्नी बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ नवजात बाळही गेले. त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी जे गाणे केले ते गॉस्पेल, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या भक्तिसंगीतातल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एक ठरले. संगीत हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनीही त्या वेळी नवी चाल शोधली नाही. एका जुन्या स्तोत्राची चाल थोडी फिरवून घेतली. हात थरथरत असताना ओळखीचा कठडा धरावा, तसे ते आहे.

गाऊन पाहताना काही साध्या गोष्टी सांभाळा. ओळीच्या शेवटी जिथे आवाज लांबवायचा तिथे आ, ई, ए, ओ असे मोकळे स्वर असू द्या. जोडाक्षरावर सूर लांबवला की शब्द तुटतो. चाल एका सप्तकाच्या आत ठेवा. रडून बसलेल्या गळ्याला तार सप्तक झेपत नाही, आणि गटात सगळेच गळे काही तयारीचे नसतात. घरात कुणी नसताना मोठ्याने गा. ज्या ओळीवर जीभ दर वेळी अडखळते ती ओळ बहुधा खोटी असते, निदान लांबलेली तरी असतेच.

ध्रुवपद कोणते ठेवायचे यावर मात्र घाई करू नका. माझ्या मते भक्तिगीतातला सर्वांत मोठा निर्णय हाच. कडवी तुमची असतात, ध्रुवपद सगळ्यांचे असते. तुम्ही एक कडवे म्हणता आणि समोरची माणसे ध्रुवपद परत म्हणतात, पुन्हा पुन्हा. तेव्हा ती ओळ त्यांच्याही तोंडी शोभली पाहिजे: ज्याच्या घरी काल मृत्यू झाला त्याच्या आणि ज्याच्या घरी काल बाळ जन्मले त्याच्याही. वरच्या नमुन्यात ‘दयाळू म्हणती कुठे रे तू तेव्हा’ हे ध्रुवपद केले तर गट दबून जाईल, आणि ज्यांना तो प्रश्न पडलेला नाही त्यांच्यावर तो लादला जाईल. शेवटची ओळ चालेल: ‘तुझाच का होता, सांग देवा’. ज्याने कुणाचा तरी हात धरला आहे, किंवा ज्याचा हात कुणी धरला आहे, त्या प्रत्येकाला ती म्हणता येते. आणि तुमच्या एकटीच्या किंवा एकट्याच्या खोलीतला प्रश्न पन्नास गळ्यांतून तुमच्याकडे परत येतो, तेव्हा त्याचे वजन बदलते. अनुग्रह ज्याला म्हणतात तो मला तरी अनेकदा इथेच भेटला आहे. देवाकडून उत्तर आले असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारणारे आपण एकटे नाही, एवढे नक्की कळले.

आता बाळासाठीचा आशीर्वाद. तुम्हांला ही दोन कामे वेगळी वाटतात. मी त्यांच्यात फारसा फरक करत नाही. गाण्यात तुम्ही ‘मी’कडून ‘तू’कडे गेलात, आशीर्वादात तेच मागणे आणखी पुढे, तिसऱ्या कुणासाठी जाते. पसायदान आठवा. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर ज्ञानदेवांनी नऊ ओव्यांत देवाकडे मागणे मागितले आणि त्यात स्वतःसाठी काहीच मागितले नाही. खळांचा नाश व्हावा असेही मागितले नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले. या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते असे परंपरा सांगते. ते लक्षात घेऊन पसायदान पुन्हा म्हणून पाहा. ज्याला स्वतःला फारसे काही मिळालेले नाही, त्यालाही दुसऱ्यासाठी मागता येते, याचा याहून मोठा दाखला मराठीत मला माहीत नाही.

त्यातली क्रियापदे पाहण्यासारखी आहेत, कारण मराठीने आशीर्वादासाठी वेगळी रूपेच ठेवली आहेत: होवो, लाभो, वाढो, राहो. त्यांच्या शेजारीच यावे, मिळावे, असावे. या रूपांत बोलणारा काही देत नसतो आणि आज्ञाही करत नसतो, तो मागत असतो. ‘मोठा हो, घराण्याचे नाव काढ’ हे मात्र आशीर्वादाच्या वेषातले काम आहे. दोन किलोच्या जिवावर ते कशाला टाकायचे? लिहून झाल्यावर प्रत्येक क्रियापद तपासा. बाळाने काहीतरी करून दाखवावे अशी ओळ असेल तर ती काढा, बाळाला काही मिळावे अशी असेल तर ठेवा.

‘कधीही दुःख न येवो’ ही ओळही टाळा. आजारपणात आईच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या तोंडून ती खरी वाटणार नाही, आणि ती पुरी होणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दुःखाच्या वेळी काय असावे, ते मागा. १९७९ मध्ये जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम येथे पुरातत्त्वज्ञ गेब्रिएल बर्काय यांच्या उत्खननात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. सुमारे २६०० वर्षांपूर्वी ताईतासारख्या अंगावर घालायच्या त्या गुंडाळ्यांवर जो आशीर्वाद कोरला आहे, तोच थोड्या विस्ताराने बायबलच्या गणना या पुस्तकात आहे आणि आजही दिला जातो. त्यात संपत्ती नाही, यश नाही. परमेश्वर तुला राखो, त्याचा चेहरा तुझ्यावर उजळो, तो तुला शांती देवो, एवढाच त्याचा आशय. मूळ हिब्रूत तीन ओळी आहेत: तीन शब्दांची, पाच शब्दांची, सात शब्दांची. सगळे मिळून पंधरा शब्द. आशीर्वाद किती लांब असावा, याचे माप मी नेहमी इथूनच घेते.

तुमच्यासाठी लहान अभंगाच्या मापात, आठ-आठ अक्षरांत, एक नमुना:

तुला हाक देता यावी / कुणीतरी ती ऐकावी ॥

पाय थकता थांबावे / कुणी पाणी तुला द्यावे ॥

आजी नव्हती पाहाया / तिची लाभो तुला माया ॥

तिसऱ्या ओळीवर घरात कुणी म्हणेल की आनंदाच्या प्रसंगी गेलेल्या माणसाचे नाव कशाला. तुमच्या बहिणीला आधी एकटीला वाचून दाखवा आणि तिला विचारा. माझे मत विचाराल तर ओळ राहू द्या. आजी नाही हे सगळ्यांच्या मनात असतेच, आणि ते कुणीच न बोलल्यामुळे त्या दिवसाचा आनंद जास्त अवघडतो. शिवाय तुमच्या मूळ प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. दोन्ही नमुने एकाखाली एक ठेवा. पहिल्यात रात्री कुणी हाक ऐकली का, हा प्रश्न आहे. दुसऱ्यात बाळाची हाक कुणीतरी ऐकावी असे मागणे आहे. तुम्हांला ज्या गोष्टीची उणीव भासली तीच तुम्ही त्याच्यासाठी मागत आहात, आणि ती पुरी करणाऱ्यांत तुम्हीही असणार आहात. मला आशा दिसते ती इथे, आणि ती तुम्हांला वेगळी लिहावी लागली नाही.

राहिला अधिकाराचा प्रश्न. वय, पावित्र्य, पक्की श्रद्धा यांपैकी काही असल्याशिवाय आशीर्वाद देता येत नाही असे मानणारे लोक आहेत, आणि त्यांच्या भावनेचा मी आदर करते. पण ‘लाभो’ म्हणणारा माणूस देणारा नसतोच, तो बाळाच्या वतीने मागणारा असतो. मागायला लागते ते प्रेम, आणि बाळाविषयी ते तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसले. तरीही संकोच वाटत असेल तर वर ‘आशीर्वाद’ असे न लिहिता ‘तुझ्यासाठी मागणे’ असे लिहा.

सुरुवात बाळाच्या ओळींपासून करा. त्या छोट्या आहेत, त्यांना तारखेची मुदत आहे आणि दुसऱ्यासाठी लिहिताना हात लवकर मोकळा होतो. एका बऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवा, मागे तारीख आणि बाळाचे नाव घाला. चारचौघांत म्हणताना आवाज फुटेल असे वाटत असेल तर बहिणीच्या हाती द्या, तिला किंवा दुसऱ्या कुणाला म्हणू द्या. आईसाठीच्या अभंगाला मुदत नाही. त्याचे पत्र मात्र याच आठवड्यात लिहून काढा, आणि औषधाच्या वेळेला जाग आलीच तर तेव्हाच लिहायला बसा.